नाक वर करण्याचा इतिहास

पुणेकराचे नाक जन्मतःच वर असते. त्याच्या जुन्या पिकअपचे मात्र खाली येते. दोष पुढच्या पाट्यांचा. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडिया इलियटने घोडागाडीखाली कमानदार पाटे बसवले आणि आतल्या साहेबाची हाडे वाचवली. तेच पाटे पुढे टांग्याखाली आले आणि १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलिज जीपच्या चारही चाकांवर बसले. जीपच्या वंशातल्या पिकअपांनी हा वारसा चालवला.

हेडक्लार्क ओझ्याने वाकतो, पाटा ओझ्याने सरळ होतो. वर्षानुवर्षे इंजिन पेलून त्याची कमान जाते.

मार्केट यार्डात भाजी वाहणाऱ्या आमच्या एका खातेदाराला नवा संच परवडेना. आणि गाडी उभी तर चूल थंड. त्याने लोहार गाठला. लोहाराने पाटे सोडवले, ठोकून पुन्हा कमान दिली, तुटक्या पाट्याच्या जागी जुन्या बाजारातला घातला. काम दोन्ही बाजूंना सारखेच, नाहीतर गाडी कलते. जमा-नावे जुळायलाच हवे!

ठोकलेली कमान पुन्हा बसते, हे लोहारानेच सांगितले. म्हणजे ही मुदतठेव नव्हे, मुदतवाढ. पण अहो, मुदतवाढीवरच तर निम्मे पुणे संसार करते!