दोन पगारांचे घड्याळ

१८ डिसेंबर १९६०. जपानच्या बाजारात एक नवे मनगटी घड्याळ आले. किंमत २५,००० येन. त्या वर्षी पदवी घेऊन नोकरीला लागलेल्या तरुणाने पहिले दोन पगार न मोडता ठेवले असते, तरी ही रक्कम जेमतेम निघाली असती. कवच सोन्याच्या पत्र्याने मढवलेले, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर, आत २५ माणकांचे, चावी देऊन चालणारे यंत्र. तबकडीवर गॉथिक वळणाची अक्षरे: ‘ग्रँड सेइको’.

घोटाळा त्या दुसऱ्या शब्दात होता. ‘सेइको’ हे जपानी घरातले रोजचे नाव होते. भिंतीवरचे घड्याळ सेइकोचे, गजराचे घड्याळ सेइकोचे, शाळकरी मुलाला बक्षीस मिळालेले घड्याळही बहुधा त्याच कंपनीचे. मिरवायचे घड्याळ म्हणजे स्विस, हे जपानी ग्राहकाच्या मनात पक्के होते. मग आयुष्यातल्या एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी घ्यायच्या घड्याळावर दोन पगार घालायचे, आणि तेही घरच्याच नावावर? हा प्रश्न त्या काळातल्या अनेकांपुढे पडला असणार. त्याचे उत्तर समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

घड्याळाची वेळ ही गोष्टच जपानला तशी नवी होती. एदो काळात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करत. उन्हाळ्यात दिवसाचे भाग लांबत, हिवाळ्यात आखडत. १ जानेवारी १८७३ रोजी मेइजी सरकारने पाश्चात्य कॅलेंडर आणि चोवीस सारख्या तासांचा दिवस लागू केला आणि जुनी घड्याळे एका फर्मानाने निरुपयोगी ठरली. त्यानंतर आठ वर्षांनी, १८८१ मध्ये, किन्तारो हात्तोरी नावाच्या एकविशीतल्या तरुणाने तोक्योत घड्याळविक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान थाटले. पावसाच्या दिवशी इतर दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात, घड्याळजी मात्र दुरुस्ती करून कमावतो, हे पाहून त्याने हा धंदा निवडला असे सांगतात. आख्यायिका असेल, पण व्यापाऱ्याच्या डोक्याला शोभणारी आहे.

१८९२ मध्ये त्याने ‘सेइकोशा’ हा कारखाना काढला. आधी भिंतीवरची घड्याळे, मग खिशातली. १९१३ मध्ये ‘लॉरेल’ आले, जपानमध्ये बनलेले पहिले मनगटी घड्याळ.

१ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात तोक्योचा मोठा भाग जळाला. हात्तोरीचा कारखाना जळाला आणि दुरुस्तीसाठी लोकांनी ठेवलेली सुमारे १,५०० घड्याळेही वितळून गेली. हात्तोरीने जाहिरात दिली की ज्यांची घड्याळे गेली, त्यांना त्याच तोडीची नवी घड्याळे दिली जातील. आणि ती दिलीही. पुढच्याच वर्षी तबकडीवर प्रथम ‘सेइको’ हा शब्द आला. सामान्य माणसाचा या नावावरचा विश्वास कशावर उभा होता, ते यावरून कळते. तो विश्वास ऐटीचा नव्हता, व्यवहारातला होता. १९२९ मध्ये जपानी रेल्वेनेही याच कारखान्याचे खिशातले घड्याळ आपल्या कामासाठी मान्य केले.

प्रसंगाचे घड्याळ ही कल्पना मात्र जपानमध्ये आधीपासून रुजलेली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोक्यो शाही विद्यापीठातल्या अव्वल विद्यार्थ्यांना सम्राटाकडून चांदीचे घड्याळ मिळे. सैनिकी शिक्षणसंस्थांतही अशी प्रथा होती. ‘चांदीच्या घड्याळाचा मानकरी’ ही त्या पिढीत एका माणसाची पुरेशी ओळख होती. युद्धानंतर ती शाही प्रथा लोपली, पण शाळाप्रवेशाला किंवा पहिल्या नोकरीला घड्याळ देण्याची रीत मध्यमवर्गाने चालू ठेवली. आता घड्याळ सम्राट देत नव्हता. वडील देत, काका देत, किंवा तरुण स्वतःच स्वतःला देई. निर्णय घरात आला आणि त्याबरोबर हिशेबही.

१९६० चे साल त्या हिशेबाला अनुकूल होते. जूनमध्ये अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध तोक्योचे रस्ते निदर्शकांनी भरले आणि पंतप्रधान किशी यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या इकेदा यांनी राजकारणाऐवजी पगाराची भाषा सुरू केली. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करण्याची त्यांची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली ती २७ डिसेंबरला, म्हणजे ग्रँड सेइको बाजारात आल्यानंतर नऊ दिवसांनी. टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या वस्तूंना लोक शाही आरसा, तलवार आणि रत्न यांच्यावरून थट्टेने ‘तीन दिव्य रत्ने’ म्हणत. २५,००० येन हाताशी असलेल्या कुटुंबापुढे खरा पर्याय स्विस घड्याळाचा नसून या वस्तूंचा होता, असे मानायला जागा आहे.

कंपनीची घाई वेगळ्या कारणाने होती. परदेशी घड्याळांना रोखणारी आयातबंधने फार काळ टिकणार नाहीत, हे दिसू लागले होते. भिंत पडण्यापूर्वी स्विस मालाच्या तोडीचे काहीतरी हातात असायला हवे होते. ते तयार झाले तोक्योत नव्हे, तर नागानो प्रांतातल्या सुवा सरोवराच्या काठी. रेशीम कातणाऱ्या या डोंगराळ भागात १९४२ मध्ये मिसोच्या एका जुन्या कोठारात घड्याळांचे सुटे भाग बनवण्याचे काम सुरू झाले होते. युद्धात तोक्योतले कामही इकडे हलले आणि मग इथेच रुजले. १९५६ मध्ये सुवाने ‘मार्व्हल’ आणले, स्विस नमुन्यावर न बेतलेले, स्वतःच्या आराखड्याचे घड्याळ. ग्रँड सेइको त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

ग्राहकाला ते कसे पटवले गेले, हा भाग सर्वांत बोलका आहे. कंपनीने सोन्याची भाषा फारशी केली नाही. तिने प्रत्येक घड्याळाबरोबर प्रमाणपत्र दिले: दिवसाकाठी फार तर १२ सेकंद पुढे किंवा ३ सेकंद मागे. ‘आमचे नाव मोठे नसेल, पण मोजून पाहा’ असा त्याचा अर्थ. ऐटीसाठी पैसे मागण्याची सोय नसलेल्या कंपनीने मोजता येणारी गोष्ट विकली. पहिल्या मॉडेलची सुमारे ३६,००० घड्याळे बनली असे संग्राहक मानतात. दोन पगारांच्या वस्तूसाठी हा आकडा लहान नाही.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? परकीय चलनाच्या टंचाईमुळे भारत आयातीची दारे लावून घेत होता. १९६१ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्याच ‘सिटिझन’ कंपनीच्या मदतीने मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू केला. सिटिझन हे नाव १९२४ मधले, घड्याळ सर्व नागरिकांना परवडावे या भावनेतून दिलेले. एचएमटीच्या सर्वांत लाडक्या घड्याळाचे नाव ‘जनता’ असावे, हा योगायोग असला तरी सुरेख आहे. जपानमध्ये परवडणारी कंपनी वर चढू पाहत होती. इथे सरकारी कारखान्याचे साधे घड्याळच लग्नात जावयाला आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांना दिले जात होते. पुढे आखातातून सुट्टीवर येणाऱ्या कोकणी आणि गोव्याच्या माणसांच्या मनगटावर ‘सिको फाइव्ह’ दिसू लागले, तेव्हा गल्लीत ते फॉरेनचे घड्याळ होते. जपानमध्ये १९६३ पासून विकली जाणारी ती स्वस्त स्वयंचलित मालिका होती, हे कुणाच्या गावीही नव्हते. ‘साधे नाव’ कोणते, हे पाहणारा कुठे उभा आहे यावर ठरते.

सेइकोला मात्र जगाकडून दाखला हवा होता. १९६४ मध्ये तिने स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल वेधशाळेच्या अचूकतेच्या स्पर्धेत मनगटी यंत्रे उतरवली. सर्वांत चांगला क्रमांक आला १४४ वा. तीन वर्षांत हेच जपानी कारखाने पहिल्या दहांत पोहोचले, आणि त्यानंतर न्यूशातेलची स्पर्धाच बंद झाली. (कारणे अनेक सांगितली जातात; जपानी लेखकांना त्यांपैकी एकच आवडते.)

मग कंपनीने स्वतःच आपली पाटी पुसली. २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘क्वार्ट्झ अॅस्ट्रॉन’ आले: सोन्याचे कवच, महिन्याला फार तर ५ सेकंदांची चूक, किंमत ४,५०,००० येन. १९६६ मध्ये निघालेली टोयोटाची कोरोला ४,३२,००० येनला मिळत होती. पण क्वार्ट्झ स्वस्त होत गेले, इतके की दहा-बारा वर्षांत कुठलेही साधे घड्याळ त्या प्रमाणपत्रवाल्या ग्रँड सेइकोपेक्षा अचूक चालू लागले. स्विस उद्योगात १९७० मध्ये सुमारे ९०,००० कामगार होते; ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते ३०,००० च्या आसपास उरले. त्यांच्याबरोबर ग्रँड सेइकोही गेले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास त्याचे उत्पादन थांबले. अचूकता हीच ज्याची ओळख, त्याला अचूकता फुकट झाल्यावर काय किंमत उरणार?

१९८८ मध्ये हे नाव परत आले, तेही क्वार्ट्झ यंत्र घेऊन; स्वयंचलित यंत्र परतायला १९९८ उजाडले. आता विकायचे होते ते हाताचे काम: काट्यांच्या कडा, कवचावरची आरशासारखी झिलई. या गोष्टी प्रमाणपत्रात मावत नाहीत. तबकडीवर मात्र वर १२ च्या जागी ‘सेइको’ आणि खाली ‘ग्रँड सेइको’ अशी दोन नावे होती, आणि जपानबाहेरच्या दुकानांत १९६० चाच प्रश्न नव्या चलनांत पुन्हा विचारला जात होता: इतके पैसे, आणि सेइकोला?

मार्च २०१७ मध्ये कंपनीने ग्रँड सेइको हा स्वतंत्र ब्रँड असल्याचे जाहीर केले आणि १२ खालचा ‘सेइको’ हा शब्द तबकडीवरून काढून टाकला. १९२३ च्या राखेतून ज्या नावाने विश्वास कमावला होता, तेच नाव महागड्या घड्याळाला अडचणीचे ठरले होते. त्याच वर्षी १९६० च्या पहिल्या घड्याळाच्या तीन प्रतिकृती निघाल्या, प्लॅटिनम, सोने आणि पोलाद अशा. प्रत्येकीच्या तबकडीवर एकच नाव होते, त्याच जुन्या गॉथिक अक्षरांत.