अंकुशकृमीची वाट

रोगाचें नांव कळलें, कारणही सांपडलें, तरी तो माणसाच्या शरीरांत कोणत्या दारानें शिरतो हें कळेपर्यंत वैद्याचे हात बांधलेलेच राहतात. अंकुशकृमीचा इतिहास याची साक्ष देतो. आंतड्यास चिकटून रक्त शोषणारा हा अर्ध्या इंचाएवढा कृमि इटालियन वैद्य आंजेलो दुबिनी यांस १८३८ मध्यें मिलान येथें शवविच्छेदन करतांना प्रथम दिसला. पुढें १८७२ ते १८८२ या काळांत आल्प्स पर्वतांतील सेंट गोटहार्डचा बोगदा खणला जात असतां तेथील मजूर पांढरेफटक पडूं लागले, आणि त्यांच्या रक्तक्षयाचें मूळ हाच कृमि असल्याचें उघड झालें. परंतु तो पोटांत जातो कसा? दूषित पाणी व मातीनें भरलेले हात यांच्या द्वारें, तोंडावाटे, असेंच विद्वानांस वाटत होतें.

हा समज कैरो येथें एका थेंबानें मोडला. तेथील वैद्यकीय विद्यालयांतील जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लूस हे गिनीपिगांस अळ्यांचें पाणी पाजीत असतां एक थेंब त्यांच्या हातावर सांडला. थोड्याच वेळांत कातडी लाल होऊन तिची आग होऊं लागली. दुसरा कोणी हात धुऊन मोकळा झाला असता. लूस यांनीं मुद्दाम आणखी एक थेंब हातावर ठेवला आणि मागें उरलेला ओलावा खरवडून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला. त्यांत अळ्या जवळजवळ नव्हत्याच. त्यांनीं टाकलेलीं रिकामीं आवरणें तेवढीं होतीं. कांहीं काळानें लूस यांच्याच मलांत अंकुशकृमीचीं अंडीं आढळलीं. १८९८ मध्यें हें प्रसिद्ध झालें, पण अनेकांचा विश्वास बसेना. तेव्हां शस्त्रक्रियेनें काढून टाकावयाच्या एका मुलाच्या पायावर तासभर आधीं अळ्या ठेवून, त्या कातडींत शिरल्याचें त्यांनीं दाखवून दिलें. तेथून रक्ताबरोबर हृदयांत, फुप्फुसांत, मग घशांत, आणि गिळल्या जाऊन आंतड्यांत, असा त्यांचा प्रवासही पुढें उलगडला.

दार सांपडलें, परंतु डोळे नसलेल्या अळीला तें सांपडतें कसें? ओल्या मातींत ती कांहीं न खातां वाट पाहते. शरीराची ऊब तिला दिशा दाखविते. पण कातडीची रासायनिक खूणही असते. अशाच रीतीनें पायांतून शिरणाऱ्या स्ट्रॉंगिलॉइडीस नांवाच्या दुसऱ्या कृमीवर अमेरिकन संशोधकांनीं प्रयोग केले. कातडींतील युरोकॅनिक आम्ल हेंच त्याच्या अळ्यांना ओढून घेणारें एक प्रमुख द्रव्य, असें त्यांनीं २००७ मध्यें दाखविलें. हें आम्ल कातडींतच तयार होतें, घामांतही उतरतें. आणि तळपायाच्या कातडींत तें विशेष असतें. कांहीं धातूंचे क्षार मिसळले असतां हें आकर्षण दबतें, असेंही त्यांस आढळलें.

या ज्ञानाचें मोल अनवाणी चालणाऱ्याला अधिक. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गरीब शेतकऱ्यांना लोक आळशी म्हणत. वस्तुतः त्यांचें रक्तच शोषलें जात होतें. १९०९ मध्यें स्थापन झालेल्या रॉकफेलर आरोग्य मंडळानें तेथें औषधाबरोबर शौचकूपांचा प्रसार केला. कारण मल मातींत पडला नाहीं तर अळीच जन्मत नाहीं, आणि पायांत जोडा असेल तर तिची वाट बंद होते. आजही जगांत कोट्यवधि लोकांच्या पोटांत हा कृमि आहे. त्यांच्या थकव्याला आळस म्हणण्यापूर्वीं त्यांच्या पायांकडे पाहावें, हाच या इतिहासाचा बोध.