वुडस्टॉकचा शेतकरी आणि आमचा दुधाचा टेम्पो

 

गेल्या महिन्यात आमच्या गावात जत्रेच्या मैदानावर मोठी संगीत रजनी झाली. बातमी मीच दिली. 'रसिकांची अलोट गर्दी' वगैरे. बातमी छापून आली त्या सकाळी टपरीवर दूध संकलनाचा टेम्पो चालवणारा ओळखीचा पोरगा भेटला. म्हणाला, "दादा, गर्दी किती झाली ते लिहिलंत, माझं दूध किती नासलं तेही लिहा की."

संध्याकाळचं दूध घेऊन तो नाक्यावर तीन तास अडकला होता. मैदानाकडे जाणारा रस्ता एकच, आणि दोन्ही कडांना गाड्या. एप्रिलचा उकाडा. शीतकरण केंद्रावर कॅन परत पाठवले. नुकसान कुणाचं? तीन वाड्यांतल्या दोन-दोन म्हशी सांभाळणाऱ्या बायांचं. एक अॅम्ब्युलन्सही अडकली होती, नशिबानं रिकामी होती, म्हणून कुणी चौकशी केली नाही.

मी काही बोललो नाही. कारण माझी मोटारसायकलही त्याच रस्त्याच्या कडेला लावलेली होती.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला वुडस्टॉकचे फोटो दाखवले होते. चिखल, लांब केस, गिटार. तिथपर्यंत लोक पोचले कसे, हे कुणी शिकवलं नाही. आता त्यावर वाचत बसलो, आणि त्यातही एक दूधवालाच सापडला!

१९६९ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हा महोत्सव ठरला. आयोजकांनी वॉलकिल गावातली औद्योगिक जागा घेतली होती. गावकऱ्यांचा विरोध झाला आणि १५ जुलैला परवानगी नाकारली गेली. कार्यक्रम १५ ऑगस्टला. म्हणजे हातात बरोबर एक महिना. धावपळ करून बेथेल इथली मॅक्स यासगर या दूध व्यावसायिकाची सहाशे एकरांची जमीन मिळाली. (वुडस्टॉक हे गाव तिथून सत्तरेक किलोमीटर लांब. नाव तेवढं राहिलं.)

सगळा घोळ या महिन्यात आहे. वेळ इतका कमी की मंच पूर्ण करायचा की कुंपण आणि तिकीट खिडक्या, असा प्रश्न पडला. मंच निवडला. तिकिटं विकली गेली होती सुमारे एक लाख शहाऐंशी हजार. आले चार लाखांच्या आसपास. कुंपणच नव्हतं, तेव्हा कार्यक्रम फुकट जाहीर करावा लागला. आणि ही सगळी माणसं येणार होती १७ बी नावाच्या एका साध्या गावरस्त्यानं, जो दुधाच्या आणि चाऱ्याच्या गाड्यांसाठी पुरेसा होता.

बंदोबस्तासाठी न्यूयॉर्क शहराचे सुट्टीवरचे पोलीस ठरवले होते. ऐनवेळी आयुक्तांनी मनाई केली. काही जण तरी आले, पण ठरलेली व्यवस्था मोडलीच.

रस्ता तुंबला तसे लोक गाड्या जागीच सोडून चालायला लागले. गाडी सोडली की मागचा अडकतो, तोही सोडतो. थोड्या वेळानं तो रस्ता राहतच नाही, लांबच लांब वाहनतळ होतो. आमच्या नाक्यावर मी हेच पाहिलं, फक्त मोटारसायकलींचं.

कलाकारही पोचेनात. रिची हेवन्सचा नंबर पहिला नव्हता, पण तो हजर होता म्हणून त्यालाच चढवलं. पुढचे येईपर्यंत तो गात राहिला, आणि जवळची गाणी संपल्यावर मंचावरच रचत त्यानं 'फ्रीडम' गायलं. ट्रॅफिक जॅममधून निघालेलं एवढं गाजलेलं गाणं दुसरं माझ्या तरी माहितीत नाही. बाकीच्यांना हेलिकॉप्टरनं आणावं लागलं.

कलाकारांसाठी हेलिकॉप्टर मिळतं. अन्नाच्या आणि पाण्याच्या गाड्यांचं काय? खाणं संपलं तेव्हा आसपासच्या गावांतल्या लोकांनी सँडविच करून पाठवली. काउंटीनं आणीबाणी जाहीर केली, गव्हर्नर रॉकफेलर नॅशनल गार्ड पाठवायच्या बेतात होते. शेवटी लष्कराची हेलिकॉप्टरं डॉक्टरांची आणि रुग्णांची ने-आण करू लागली. शेतात पथारी टाकून झोपलेला सतरा वर्षांचा एक मुलगा ट्रॅक्टरखाली चिरडून गेला. गाडी कुठून जाणार आणि माणूस कुठे झोपणार, यात काही फरकच उरला नव्हता. आपल्याकडे यात्रेच्या पालांत काम केलेल्यांना हे सांगायला नको.

यासगर स्वतः जुन्या वळणाचा, रिपब्लिकन माणूस. ती गाणी काही त्याची नव्हेत. शेजारी पाणी विकतायत हे कळल्यावर तो चिडला आणि त्यानं स्वतःकडचं पाणी आणि दूध फुकट वाटलं. त्याला काय मिळालं? पुढच्या जानेवारीत शेजाऱ्यांनीच नुकसानीचा दावा ठोकला. त्याच्या स्वतःच्या शेताची वाट लागली, त्यापोटी पन्नास हजार डॉलर मिळाले, तेही वर्षभरानंतर. १९७० साली पुन्हा जागा मागायला आले, तर यासगरनं साफ नाही म्हटलं. १९७१ मध्ये शेत विकलं आणि १९७३ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला.

इतरांनी धडा घेतला का? ब्रिटनच्या आइल ऑफ वाइट बेटावर १९७० ला असाच लोंढा आला, तर १९७१ मध्ये खास कायदा झाला: रात्रभर पाच हजारांहून जास्त लोक जमवायचे तर परवाना घ्या. उलट अमेरिकेत १९७३ साली वॉटकिन्स ग्लेनला दीड लाख तिकिटांवर सहा लाख लोक आल्याचा अंदाज आहे, आणि पुन्हा तेच, गाड्या रस्त्यात, माणसं पायी.

आपल्याकडचं ताजं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत नेरुळला आणि मग अहमदाबादला झालं. अहमदाबादसाठी रेल्वेनं खास गाड्या सोडल्या, मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवली. एका रात्रीत लाखाहून जास्त लोक आले. पण तिथे मेट्रो आहे, रेल्वे आहे. आमच्याकडे एक नाका.

म्हणून मी आमच्या कार्यक्रमाच्या परवानगीची फाईल पाहिली. मंचाच्या मजबुतीचा दाखला आहे, अग्निशमन आहे, आवाजाची अट आहे. वाहनतळापुढे एकच ओळ: 'मैदानालगत मोकळी जागा उपलब्ध.' ती मोकळी जागा म्हणजे एका म्हाताऱ्याचा उन्हाळी भुईमूग. मी बघून आलो. अर्ध्या वावरात टायरच्या खुणा आहेत. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. "पोलीस गाड्या आत घ्यायला सांगत होते, मी एकटा काय करणार?" एवढंच म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्याच मैदानावर दुसऱ्या कार्यक्रमाचा अर्ज आलाय. शुक्रवारी सकाळी अकराला नगरपालिकेत बैठक आहे. साखर कारखान्याचा ऊसगाड्यांचा तळ गाळप संपल्यामुळे रिकामा आहे. गाड्या तिथे लावाव्यात, तिथून मैदानापर्यंत एसटी सोडावी, आणि संध्याकाळी पाच ते आठ रस्त्याची डावी बाजू दुधाला आणि अॅम्ब्युलन्सला मोकळी ठेवावी, असं लिहून नकाशासह देतोय. टेम्पोवाला पोरगा येतोय. भुईमूगवाले बाबाही येतो म्हणालेत, त्यांना आणायला मी जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी या.