तहनाम्यातील पिस्तुले

आयर्लंडमधील शॅनन नदीकाठच्या लिमरिक शहराचा वेढा ३ ऑक्टोबर १६९१ रोजी ज्या तहाने संपला, त्याच्या सातव्या कलमान्वये तहात समाविष्ट असलेल्या कॅथलिक उमरावांस घोड्यावरून जाताना तलवार व पिस्तुलांचा जोड बाळगण्याची मुभा मिळाली. आणि १६९५ साली कॅथलिकांना निःशस्त्र करणारा कायदा झाला, तेव्हाही या मंडळींचा अपवाद राखण्यात आला. शस्त्र हीच जिथे प्रतिष्ठेची सनद, तिथे त्याची मूठ अनलंकृत कशी राहावी? पुढच्या शतकातील युरोपीय कारागीर पिस्तुलाच्या अक्रोडी दस्त्याला पितळेची किंवा रुप्याची टोपी चढवून तीवर विकट मुखवटा कोरीत. आपल्याकडे तलवारीच्या बाबतीत, गंमत अशी की, पाते परकीय आणि मूठ स्वदेशी! बंदरांतून आलेल्या युरोपीय पात्यांवर मराठ्यांनी आपली मूठ बसवली. तलवारीचे नाव मात्र ‘फिरंग’च राहिले.