अंतर्विषविषयक संशोधनाचा इतिहास

अंतर्विष : ग्रॅम-ऋण सूक्ष्मजंतूंच्या कोशिकाभित्तीच्या बाह्य पटलातील वसा व बहुशर्करा यांनी बनलेला घटक. हे नाव रिखार्ट फायफर यांनी दिले. बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करीत असता, उष्णतेने मारलेले पटकीचे जंतूही गिनीपिगांना मारक ठरतात, असे त्यांना १८९२ च्या सुमारास आढळले. म्हणजे हे विष जंतू बाहेर टाकीत नाहीत, ते त्यांच्या देहाचाच भाग असते. हे अनुमान बरोबर होते. ‘विष’ हा शब्द मात्र पुढे दिशाभूल करणारा ठरला. ओटो वेस्टफाल व ओटो ल्यूडरिट्स यांनी १९५२ मध्ये फिनॉल व गरम पाणी वापरून हा पदार्थ बराच शुद्ध मिळविला. त्यातील ‘लिपिड ए’ हा भाग क्रियाशील असल्याचे नंतर सिद्ध झाले.

शरीराला हा पदार्थ कसा ओळखू येतो, हे उलगडले एका सदोष उंदरामुळे. अमेरिकेतील बार हार्बर (मेन राज्य) येथील जॅक्सन प्रयोगशाळेतील ‘सी३एच/एचईजे’ वाणाचे उंदीर, इतर उंदरांना मारक असणारी मात्रा सहन करतात, अशी नोंद १९६५ मध्ये झाली. त्यांच्या प्लीहेतील बी लसीका कोशिका अंतर्विषाने विभाजन पावत नाहीत, महाभक्षी कोशिकाही उद्दीपित होत नाहीत. या सहनशीलतेची किंमत मोठी होती : साल्मोनेला टायफिम्यूरियमच्या अगदी थोड्या जंतूंनीही हे उंदीर दगावत. ज्याला विष म्हटले, ते खरे पाहता धोक्याची सूचना होते.

मध्यंतरी काही प्रयोगांत याच उंदरांच्या कोशिकांनी प्रतिसाद दिला व गोंधळ माजला. ब्यूटॅनॉलने काढलेल्या अंतर्विषाला चिकटून आलेल्या प्रथिनांचा तो परिणाम होता. हा धडा विसरला गेला असावा. कारण १९९८ मध्ये ‘टीएलआर २’ हेच अंतर्विषाचे ग्राही असल्याचे प्रतिपादन झाले, ते २००० मध्ये अधिक शुद्ध नमुना वापरताच टिकले नाही.

त्याच १९९८ साली ब्रूस बॉइटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथ्या गुणसूत्रावरील दोष शोधला. ‘टीएलआर ४’ प्रथिनातील ७१२ व्या स्थानी प्रोलिनाऐवजी हिस्टिडीन आले होते. फळमाशीतील ‘टोल’ प्रथिनाचे बुरशीपासून रक्षणाचे कार्य झ्यूल हॉफमान यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखविले होते. हे त्याचेच सजातीय. शिझुओ आकिरा यांच्या गटाने १९९९ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत तोच दोष दाखविला. बॉइटलर व हॉफमान यांना २०११ चे नोबेल पारितोषिक राल्फ स्टाइनमन यांच्यासमवेत मिळाले.

उंदीर माणसाहून अंतर्विषास पुष्कळच कमी संवेदनशील असल्याने, उंदरास सोसणारी मात्रा माणसास सोसेल असे मानता येत नाही.