हप्त्याचा हिशेब : १८७९ च्या एका कायद्याची कहाणी

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. सुपे हे तेव्हा पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याचे बाजाराचे गाव. आज ते बारामती तालुक्यात मोडते. हा उठाव लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही (आताचे अहिल्यानगर) पसरला आणि 'दख्खनचे दंगे' या नावाने इतिहासात नोंदला गेला. जमावाला हवे होते ते कागद. सावकाराने कर्जाची खते आणि न्यायालयाचे हुकूमनामे मुकाट्याने काढून दिले, तर बहुधा प्रकरण तेथेच मिटे. नाही दिले, तर बळाचा वापर होई. मग त्या कागदांची होळी.

अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याने कागदावरच एवढा राग का धरावा? याचे उत्तर थोड्या गणितात आहे. वाचकांनी त्याचा कंटाळा करू नये, कारण सारी कहाणी त्या गणितात आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली. ऋणकोवर व्याजाचा डोंगर साचू नये, हा त्यामागील सद्हेतू. सावकारांनी त्यातून वेगळीच वाट काढली. दर तीन वर्षांनी जुने खत फाडायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि त्या रकमेचे नवे खत लिहून घ्यायचे. समजा, एका शेतकऱ्याने बी-बियाण्यासाठी शेकडा २४ दराने १०० रुपये घेतले. तीन वर्षांनी खत १७२ रुपयांचे झाले, सहा वर्षांनी सुमारे २९६ चे आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ चे. मधल्या काळात त्याने दरसाल १५ रुपयांचे धान्य सावकाराच्या दारात नेऊन टाकले असेल. पण पावती नाही, त्यामुळे त्याची नोंदही नाही. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१-६५) इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने शेतसारा मात्र वाढवला. नव्या कर्जाला दारे बंद आणि जुन्याची जप्ती, अशा कात्रीत रयत सापडली.

दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' संमत झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चारच जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने कर्ज माफ केले नाही. त्याने हिशेब मागितला. माझ्या मते त्याचे मोठेपण येथेच आहे. खतावर ५०९ हा आकडा आहे आणि खाली ऋणकोचा अंगठा आहे, एवढ्यावर न्यायाधीशाने थांबायचे नव्हते. ऋणको गप्प राहिला तरी व्यवहाराच्या आरंभापासून सारा इतिहास तपासायचा, मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडायची, व्याज मुद्दलात मिसळू द्यायचे नाही आणि जे जे भरले ते ते जमा धरायचे. वरचेच उदाहरण घेऊ. मुद्दल १००, नऊ वर्षांचे सरळ व्याज २१६, एकूण ३१६. त्यातून दिलेल्या धान्याचे १३५ वजा. देणे उरले १८१.

आता १८१ तरी तो कोठून आणणार? येथे कायद्याची दुसरी तरतूद पुढे येते. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी, व्याजासह किंवा बिनव्याजी, फेडण्याची आज्ञा न्यायालयाला करता येई. सारा, बियाणे आणि घरची भाकर यांचा खर्च वजा जाता या माणसाकडे वर्षाकाठी काय उरते, याचा अंदाज घेतल्याशिवाय असा हप्ता कसा बांधणार? ३० रुपये उरत असतील, तर सहा वर्षांत १८० फिटतात. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात डालण्याची वाटही या कायद्याने बंद केली, आणि खास गहाण न टाकलेली जमीन जप्तीतून वगळली.

आणखी एक तरतूद मला विशेष वाटते. शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी सावकाराला 'कन्सिलिएटर', म्हणजे समेट घडवून आणणारा पंच, याच्याकडे जावे लागे. त्याचा दाखला असल्याशिवाय न्यायालय दावा दाखल करून घेत नसे. पंचापुढे दोघे समोरासमोर बसत. ऋणकोला मुदत हवी असे, सावकाराला खात्री. समेटाचा कागद रीतसर न्यायालयात दाखल झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ येई. वकिलाचा खर्च दोघांचाही वाचे. या सर्व कामावर देखरेख करणाऱ्या विशेष न्यायाधीशाच्या पदावर न्या. महादेव गोविंद रानडे यांनीही काम केले. तेथूनच १८९३ साली ते उच्च न्यायालयात गेले.

कायदा पुरा पडला काय? नाही. गहाणखताऐवजी साफ विक्रीखत लिहून घेण्याची युक्ती सावकारांना लवकरच सुचली. पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला होता खरा. पण मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी ज्या एकाच दारी जायचे, त्याच दारी पावतीचा हट्ट कोण धरील? कर्ज देणारा दुसरा कोणी नसेल, तर हक्क कागदावरच राहतो.

आपली वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १९०५ साली हा कायदा उर्वरित मुंबई इलाख्यात नेला गेला, तेव्हा तो येथे पोचला. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ न देणारा 'दामदुपटी'चा जुना नियम होता, पण मुंबई इलाख्यातील न्यायालये तो हिंदू ऋणकोलाच लावीत. त्यामुळे ख्रिस्ती बागायतदाराला त्याचा आधार नव्हता. दुसरे दार उघडले ते सहकाराने. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९१८ साली मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभी राहिली. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. सभासदाच्या हाती खातेपुस्तक आले ते मागून घ्यावे न लागता.

१८७९ च्या कायद्याची जागा पुढे नव्या कायद्यांनी घेतली, तरी त्याने विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला सूक्ष्म कर्ज देताना, त्या घराचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. महिना १२ हजार मिळवणाऱ्या घराने ६ हजारांचे हप्ते भरून उरलेल्या ६ हजारांत शाळा, औषध आणि चूल कशी भागवावी, हे कोणी सांगत नाही. मला ही मर्यादा सैल वाटते. त्याच निर्देशांनुसार ऋणकोला समजेल अशा भाषेत, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद असलेले कर्जकार्ड दिले पाहिजे. घरे आशीर्वादित करावयास जातो तेव्हा हे कार्ड कधी आल्तारावरच्या तसबिरीमागे, कधी बायबलात घडी करून ठेवलेले दिसते. त्यावरच्या नोंदी वसुलीला येणाऱ्याच्या हातच्या असतात. घरच्या वहीत त्यांची जोडनोंद मला क्वचितच आढळली आहे.