शुश्रूषेचा पराक्रम

वैद्यकाच्या इतिहासांत शस्त्रवैद्यांना आणि औषधें शोधून काढणाऱ्या संशोधकांना मोठा मान असतो, आणि तो योग्यच आहे. परंतु एक दुखापत अशी आहे कीं, तिच्या मृत्युमुखांतून माणसें परत आणलीं तीं मुख्यतः सुरीनें नव्हे, केवळ नव्या औषधानेंही नव्हे, तर रोग्याला वेळच्या वेळीं कुशीवर वळविणाऱ्या हातांनीं. पाठीचा कणा मोडून त्यांतील मज्जारज्जु चिरडला गेला म्हणजे जी पंगुता येते, ती ही दुखापत होय. तिची हकीकत सांगण्यासारखी आहे. कारण शहाण्या माणसांचा एक चुकीचा सिद्धांत रोग्यांना किती महाग पडतो, हेंही तींत दिसून येतें.

या दुखापतीविषयींची निराशा फार प्राचीन आहे. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराची जी मिसरी वैद्यकाची पोथी एडविन स्मिथच्या नांवानें ओळखली जाते, तींत मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचें वर्णन आहे. आणि अशावर वैद्यानें उपचार करूं नयेत, असा निर्णयही आहे. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं ट्रॅफल्गारच्या आरमारी लढाईंत नेल्सनच्या खांद्यांतून शिरलेली गोळी कण्यांत रुतली, तेव्हां शल्यवैद्याच्या हातीं आतां कांहीं उरलें नाहीं, हें त्यानें स्वतःच ओळखलें होतें. पहिल्या महायुद्धापर्यंतही या निर्णयांत फारसा फरक पडला नव्हता. कणा मोडलेले बहुसंख्य सैनिक कांहीं आठवड्यांत, महिन्यांत किंवा फार तर थोड्या वर्षांत दगावत.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावयास हवी. पाठीच्या किंवा कमरेच्या भागांत कणा मोडलेला माणूस त्या मोडण्यानें सहसा लगेच मरत नसे. तो मरे मागाहून येणाऱ्या उपद्रवांनीं. निरोगी मनुष्य झोपेंतसुद्धां वारंवार कूस पालटतो; अंग रगडलें गेलें कीं त्वचा तक्रार करते आणि शरीर आपोआप हलतें. पंगूच्या त्वचेची ही तक्रार मेंदूपर्यंत पोंचतच नाहीं. माकडहाड, खुबे, टांचा या ठिकाणीं हाड आणि अंथरूण यांच्यामध्यें मांस चेपलें जातें, रक्ताचा पुरवठा थांबतो, आणि कांहीं तासांतच मांस मरूं लागतें. मग जे शय्याव्रण होतात ते हाडापर्यंत खोल जातात. दुसरा शत्रु मूत्राशय. त्यावरील ताबा गेल्यामुळें मूत्र तुंबतें. तें काढण्यासाठीं घातलेल्या नळीवाटे जंतु शिरतात आणि वर चढत मूत्रपिंडें गांठतात. व्रणाचा पू आणि मूत्रपिंडांचा नाश, या दोन वाटांनीं मृत्यु येई.

हे उपद्रव अटळ आहेत काय? या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकांत दोन मतें होतीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत शय्याव्रणाचा दोष सामान्यतः रोगाच्या नव्हे, तर शुश्रूषेच्या पदरीं टाकला होता. उलट पॅरिसचा विख्यात मज्जातंतुवैद्य शार्को यानें पुढें असें प्रतिपादन केलें कीं, मज्जारज्जूच्या दुखापतीनेंच त्वचेचें पोषण बिघडतें आणि त्यामुळें व्रण होतात. शार्कोचा अधिकार थोर होता. त्याचें मत मानलें म्हणजे व्रण हा रोगाचाच भाग ठरला, आणि तो टाळण्याची जबाबदारी कोणावरच उरली नाहीं. रोगी मरणारच, म्हणून त्याच्याकडे लक्ष नाहीं; आणि लक्ष नाहीं, म्हणून तो मरतो; असें हें चक्र कित्येक दशकें फिरत राहिलें.

तें चक्र मोडण्याचें श्रेय अनेकांचें आहे. अमेरिकेंत बोस्टन येथें डोनल्ड मन्रो यानें १९३६ सालींच अशा रोग्यांसाठीं स्वतंत्र विभाग उघडला होता. परंतु या कामाला पूर्ण शास्त्राचें रूप आलें तें डॉ. लुटविग गुटमान यांच्या हातून. यांचा जन्म १८९९ चा, जर्मनीच्या सायलेशिया प्रांतांतला. १९१७ सालीं एका अपघात-रुग्णालयांत सेवक म्हणून काम करीत असतां त्यांनीं एक तरणाबांड खाणकामगार पाहिला. त्याचा कणा मोडला होता. हा कांहीं आठवड्यांचाच सोबती आहे, तेव्हां याची टिपणें ठेवण्याचें कारण नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें. आणि पांच आठवड्यांनीं तो खरोखरच गेला. गुटमान हे पुढें ब्रेस्लाउ येथील नामांकित मज्जातंतुवैद्य झाले; परंतु तो तरुण त्यांच्या मनांतून गेला नाहीं. ज्यू असल्यामुळें नाझी अमलांत त्यांना देश सोडावा लागला, आणि १९३९ सालीं ते सहकुटुंब इंग्लंडांत आश्रयास आले.

युरोपवरील चढाईची तयारी चालू असतां जखमी सैनिकांसाठीं बकिंगहॅमशायरमधील स्टोक मँडेव्हिल येथें एक विभाग काढण्याचें ठरलें, आणि तो गुटमान यांच्याकडे देण्यांत आला. आपल्या पद्धतीनें काम करूं द्यावें, एवढीच त्यांची अट होती. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं विभाग उघडला. रोगी येत ते प्लास्टरच्या सांच्यांत जखडलेले. सांचा उघडावा तों आंत दुर्गंधि येणारे व्रण! गुटमान यांनीं ते सांचे काढून टाकले आणि नियम घालून दिला : प्रत्येक रोग्याला दर दोन तासांनीं कुशीवर वळवावयाचें; दिवसा आणि रात्रीं, खंड न पाडतां.

नियम सांगावयास सोपा, पाळावयास महाकठीण. कणा मोडलेला मनुष्य एकट्यानें वळवितां येत नाहीं. मान, धड आणि पाय एका रेषेंत ठेवून तिघाचौघांनीं त्याला एकदम उचलावें लागतें. मग त्वचा पाहावयाची, ती कोरडी करावयाची, चादरीची चुणी काढावयाची, गुडघ्यांमध्यें आणि टांचांखालीं उशा बसवावयाच्या. एक रोगी झाला कीं दुसरा. शेवटचा झाला कीं पुन्हां पहिल्याची वेळ आलेलीच. हें काम खरोखर चालतें कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं गुटमान अपरात्रीं वॉर्डांत येऊन उभे राहत. मूत्राशयाच्या बाबतींतही हाच काटेकोरपणा. नळी कायमची न ठेवतां ठराविक वेळानें निर्जंतुक हातांनीं घालावी व काढावी, अशी पद्धति त्यांनीं पाडली. आणि हें काम हलकें न मानतां आरंभीं डॉक्टरांनींच करावें, असा दंडक ठेवला.

या बारीक देखरेखींतून नवें ज्ञानही हातीं आलें. छातीच्या वरच्या भागांत किंवा मानेंत कणा दुखावलेल्या रोग्याचें मूत्राशय तुंबलें, तर त्याला तुंबल्याची जाणीव होत नाहीं. परंतु डोकें ठणकतें, चेहऱ्यावर घाम फुटतो आणि रक्तदाब एकाएकीं भयंकर चढतो. गुटमान आणि व्हिटरिज यांनीं १९४७ सालीं याचें शास्त्रीय विवेचन केलें. अशा वेळीं परिचारिकेनें नळी कोठें मुडपली आहे काय हें ताबडतोब पाहिलें, तर प्राण वांचूं शकतो. पेनिसिलिनचा आधार त्या काळीं मिळूं लागला होता, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि ज्या मांसांत रक्तच पोंचत नाहीं, तेथें रक्तावाटे जाणारें औषध तरी कसें पोंचावें? शार्कोचा सिद्धांत युक्तिवादानें नव्हे, तर वळविलेल्या रोग्यांच्या अखंड त्वचेनें खोडून काढला.

रोगी जगूं लागले, तेव्हां जगून करावयाचें काय, हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर म्हणून वॉर्डाशेजारीं सुतारकाम आणि घड्याळदुरुस्ती सुरू झाली; मग खेळ आले. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचे ऑलिंपिक सामने सुरू झाले त्याच दिवशीं, १६ पंगु स्पर्धकांनीं रुग्णालयाच्या हिरवळीवर धनुर्विद्येचे सामने खेळले. त्यांतूनच पॅरालिंपिक उदयास आलें. या परंपरेशीं महाराष्ट्राचेंही नातें आहे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून पंगु झालेले सैनिक; त्यांनीं १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्यें ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला सुवर्णपदक मिळवून दिलें.

गुटमान १९८० सालीं वारले. त्यांचें नांव जगानें लक्षांत ठेवलें आहे. परंतु पहांटे दोनला, चारला आणि सहाला चादर सरळ करणारे जे शेंकडों हात होते, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. त्यांचें काम मात्र संपलेलें नाहीं. आजही जेथें असे हात पुरेसे आहेत, तेथें कणा मोडलेला मनुष्य कित्येक वर्षें जगतो. आणि जेथें ते नाहींत, तेथें औषधांचीं कपाटें भरलेलीं असूनही तो त्याच जुन्या व्रणानें मरतो. ज्याच्या घरीं असा रोगी अंथरुणावर आहे, त्यानें हा इतिहास घड्याळासमोर बसून वाचावा.